सर नेव्हिल हाउस : वसाहतीतील डॉक्टर, लष्करी शल्यविशारद आणि मंत्री (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पहिल्या महायुद्धातील लष्करी वैद्यकाबद्दल वाचताना सर नेव्हिल हाउस यांचे नाव भेटले की वाचक आम्हाला काही ठराविक प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नेव्हिल हाउस कोण होते, हे थोडक्यात सांगाल का?

नेव्हिल रेजिनाल्ड हाउस (१८६३–१९३०) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेले शल्यविशारद होते. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात (ब्रिटिश आणि तेथे स्थायिक झालेले डच वंशाचे बोअर यांच्यातील, १८९९–१९०२) एका जखमी सैनिकाला गोळीबारातून उचलून आणल्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे शौर्याचे सर्वोच्च पदक मिळाले. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यदलांतील व्यक्तीला मिळालेला हा पहिला व्हिक्टोरिया क्रॉस मानला जातो (‘पहिला’ या शब्दाची मर्यादा प्रश्न ७ मध्ये पाहा). पहिल्या महायुद्धात ते ऑस्ट्रेलियन इम्पीरियल फोर्स या सैन्याच्या संपूर्ण वैद्यकीय सेवेचे संचालक झाले. त्यानंतर ते संसदेत निवडून गेले आणि संरक्षण व आरोग्य ही खाती त्यांनी सांभाळली. त्यांचे नाव बहुतेकांना पदकामुळे ठाऊक असते. आमच्या मते मात्र त्यांचे खरे मोठे काम १९१५ ते १९१८ या काळातले आहे. जखमी माणसाच्या उपचाराची व्यवस्था लढाई सुरू होण्याआधी झाली पाहिजे आणि ती झाली नाही तर कुणीतरी त्याचा जाब दिला पाहिजे, हा आग्रह त्यांनी सत्तेपुढे धरला.

२. इंग्लंडमधला डॉक्टर ऑस्ट्रेलियात कसा आला?

हाउस यांचा जन्म २६ ऑक्टोबर १८६३ रोजी सॉमरसेट परगण्यातील स्टोगर्सी या गावी झाला. वडीलही शल्यविशारद होते. नेव्हिल यांनी लंडन हॉस्पिटलमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि पुढे डरहम विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचे प्रात्यक्षिक शिकवले. प्रकृती साथ देईना म्हणून त्यांनी उबदार हवेची वाट धरली आणि न्यू साउथ वेल्समध्ये येऊन न्यूकॅसल व नंतर टॅरी या गावांत वैद्यकी सुरू केली. टॅरीसारख्या गावात डॉक्टर एकटाच असे. हाड बसवणे, बाळंतपण आणि पोटाची शस्त्रक्रिया ही सगळी कामे त्याच्याच हातून होत. १८९५ च्या सुमारास ते अधिक शिक्षणासाठी इंग्लंडला परतले आणि १८९७ मध्ये इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे फेलो, म्हणजे एफआरसीएस, झाले. १८९९ मध्ये त्यांनी ऑरेंज या गावातला चालता दवाखाना विकत घेतला. पुढचे सारे आयुष्य, युद्धाची आणि मंत्रिपदाची वर्षे धरूनही, त्यांची ओळख ऑरेंजचे डॉक्टर अशीच राहिली.

३. त्यांना ‘वसाहतीचे डॉक्टर’ का म्हणतात? ऑस्ट्रेलियाचे का नाही?

कारण १८९९ मध्ये ऑस्ट्रेलिया नावाचे राष्ट्र अस्तित्वात आले नव्हते. न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, क्वीन्सलंड, टास्मानिया, साउथ ऑस्ट्रेलिया आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया या सहा स्वतंत्र कारभाराच्या ब्रिटिश वसाहती होत्या आणि प्रत्येकीचे सैन्य वेगळे होते. १ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे संघराज्य झाले. त्यामुळे जानेवारी १९०० मध्ये हाउस लेफ्टनंट म्हणून दाखल झाले, ते न्यू साउथ वेल्स वसाहतीच्या आर्मी मेडिकल कोअरमध्ये. १९०२ मध्ये ते पुन्हा दक्षिण आफ्रिकेला गेले, तेव्हा संघराज्याच्या ऑस्ट्रेलियन आर्मी मेडिकल कोअरमध्ये मेजर होते. तोवर युद्ध संपत आले होते. एकाच युद्धाच्या दोन टोकांना एकच माणूस दोन वेगवेगळ्या सैन्यांतून गेला, ही गोष्ट ध्यानात ठेवली की त्यांच्या हुद्द्यांबद्दलचा बराच गोंधळ मिटतो.

४. ते ऑरेंजचे डॉक्टर होते आणि पदकही ऑरेंजमध्येच मिळवले, असे वाचले. मग युद्ध त्यांच्या गावात झाले होते का?

नाही. ही दोन वेगळी ठिकाणे आहेत आणि त्यांच्यामध्ये अख्खा हिंदी महासागर आहे. त्यांचा दवाखाना असलेले ऑरेंज हे सिडनीच्या पश्चिमेला, ब्लू माउंटन्स ओलांडल्यावर लागणारे न्यू साउथ वेल्समधील गाव. ज्या प्रदेशात त्यांनी जखमीला वाचवले, ते ऑरेंज फ्री स्टेट हे दक्षिण आफ्रिकेतील बोअर प्रजासत्ताक. मे १९०० मध्ये ब्रिटिशांनी ते खालसा करून त्याला ऑरेंज रिव्हर कॉलनी हे नाव दिले होते. बोअर सैन्य मात्र तेथे आणखी दोन वर्षे लढत राहिले.

५. २४ जुलै १९०० रोजी फ्रेडेफोर्टजवळ नेमके काय घडले?

बोअर सेनानी ख्रिस्तियान डी वेट ब्रिटिश वेढ्यातून निसटला होता आणि त्याच्या मागावर घोडेस्वार तुकड्या होत्या. फ्रेडेफोर्टजवळच्या चकमकीत एक तरुण बिगूलवाला गोळी लागून उघड्यावर कोसळला. हाउस यांनी ते पाहिले आणि दोन्ही बाजूंनी येणाऱ्या गोळीबारातून घोडा दौडवला. त्यांचा घोडा वाटेतच गोळी लागून पडला. उरलेले अंतर त्यांनी पायी काटले, जखमीपर्यंत पोहोचून त्याच्या जखमेवर पट्टी बांधली आणि त्याला उचलून सुरक्षित जागी आणले. जखमी वाचला.

पदक जाहीर करणाऱ्या ब्रिटिश राजपत्रातील नोंद याहून फार त्रोटक आहे. जोरदार गोळीबारात बाहेर जाऊन एका जखमीला उचलले आणि आडोशाला नेले, एवढेच त्यात म्हटले आहे. घोडा आणि पट्टी यांचा तीत उल्लेख नाही. आम्हाला यातला पट्टीचा तपशील सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गोळ्या चालू असताना जखमीला नुसते ओढत आणण्याचा मोह कुणालाही झाला असता. हाउस यांनी आधी रक्तस्राव थांबवला आणि मग माणूस हलवला. त्या क्षणीही त्यांच्यातला शल्यविशारद जागा होता.

६. डॉक्टरने स्वतः गोळीबारात जाणे योग्य होते का? डॉक्टर मारला गेला तर बाकीच्या जखमींचे काय?

हा प्रश्न सर्वांत जास्त डॉक्टर वाचकांकडून येतो आणि तो रास्त आहे. लष्करी वैद्यकाचा सर्वसाधारण नियम असा की जखमीला मागे आणणे हे स्ट्रेचरवाहकांचे काम आणि डॉक्टरने मागे थांबून जास्तीत जास्त जणांवर उपचार करायचे. पण १९०० मधल्या घोडेस्वार युद्धात ठरलेली आघाडी नसे. तुकड्या रोज वीस-तीस मैल हलत, स्ट्रेचरवाले मागे राहून जात, आणि तुकडीबरोबर घोड्यावर असलेला डॉक्टर हाच अनेकदा जवळचा एकमेव प्रशिक्षित माणूस असे. न्यू साउथ वेल्सच्या वैद्यकीय दलाचे नावच त्यासाठी झाले होते, की ते हलक्या गाड्या आणि घोडे घेऊन लढणाऱ्यांच्या बरोबरीने पुढे जात. त्या परिस्थितीत हाउस यांचा निर्णय आम्हाला योग्य वाटतो.

याला एक पूरक घटना आहे. त्याच युद्धात पुढे हाउस बोअरांच्या हाती सापडले आणि वैद्यकीय अधिकारी, म्हणजे न लढणारा माणूस, म्हणून त्यांची सुटका झाली. १८६४ च्या जिनिव्हा कराराने दिलेले हे संरक्षण पकडल्यानंतर उपयोगी पडत होते. उघड्या माळावरून येणाऱ्या गोळीला अर्थातच डॉक्टर ओळखता येत नव्हता.

७. ते व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे पहिले ऑस्ट्रेलियन होते, हे बरोबर आहे का?

‘पहिले’ या शब्दाचा अर्थ कसा घेता, यावर उत्तर ठरते. ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर जन्मलेला पहिला मानकरी पाहायचा झाल्यास तो सिडनीत जन्मलेला मार्क वॉकर बेल. त्याला १८७४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील अशांती राज्याविरुद्धच्या युद्धातल्या कामगिरीसाठी हा क्रॉस मिळाला, पण तो ब्रिटिश सैन्याच्या रॉयल इंजिनिअर्समध्ये होता. ऑस्ट्रेलियन वसाहतींच्या सैन्यात लढताना केलेल्या कृत्याबद्दल मिळालेला पहिला क्रॉस हाउस यांचा, पण त्यांचा जन्म इंग्लंडचा. ऑस्ट्रेलियात जन्मलेला आणि ऑस्ट्रेलियन तुकडीतच असलेला मानकरी हवा असेल तर टास्मानियाचे जॉन बिस्डी आणि गाय वायली यांची नावे येतात. १ सप्टेंबर १९०० रोजी वॉर्म बॅड येथे केलेल्या एकाच लढाईतील कामगिरीसाठी दोघांनाही तो मिळाला. यांपैकी वायली पुढे ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात अधिकारी झाले.

गुंता इथेच संपत नाही. बिस्डी आणि वायली यांची नावे नोव्हेंबर १९०० मध्ये राजपत्रात आली, तर हाउस यांचे ४ जून १९०१ रोजी. म्हणजे कृत्याच्या तारखेने हाउस पहिले ठरतात आणि घोषणेच्या तारखेने मागे पडतात. इतिहासकार कृत्याची तारीख धरतात आणि आम्हीही तेच मानतो. एका गोष्टीबद्दल मात्र कोणताही वाद नाही. ऑस्ट्रेलियाच्या लष्करी वैद्यकीय सेवेतील दुसऱ्या कुणालाही आजवर हा क्रॉस मिळालेला नाही.

८. गांधीजींनीही बोअर युद्धात जखमींना उचलण्याचे काम केले होते. दोघांची भेट झाली होती का? आणि महाराष्ट्राशी या कथेचा काही संबंध आहे का?

गांधीजींचे भारतीय रुग्णसेवा पथक दक्षिण आफ्रिकेतील नाताळ या ब्रिटिश वसाहतीच्या आघाडीवर, १८९९ च्या अखेरीस आणि १९०० च्या सुरुवातीस काम करत होते. जानेवारी १९०० मध्ये स्पिओन कोपच्या लढाईत त्यांनी जखमींना वाहून नेले. त्याच जानेवारीत हाउस ऑस्ट्रेलियातून निघत होते आणि त्यांचे काम ऑरेंज फ्री स्टेटमध्ये झाले. युद्ध एकच, पण आघाडी आणि काळ दोन्ही वेगळे.

महाराष्ट्राशी संबंध हाउस यांचा नाही, युद्धांचा आहे. बोअर युद्धकैद्यांना हिंदुस्थानातही पाठवले गेले आणि त्यांतील काही अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात ठेवले होते. पहिल्या महायुद्धात पाचशेहून अधिक ऑस्ट्रेलियन लष्करी परिचारिकांनी हिंदुस्थानात सेवा केली. त्यांपैकी अनेकींच्या नेमणुका मुंबई, पुणे आणि देवळाली येथील युद्धरुग्णालयांत होत्या. मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) मोहिमेतून आजारी व जखमी सैनिक बोटीने मुंबईला येत, त्यांच्यासाठी ही रुग्णालये होती. तुर्कस्तानातील गॅलिपोली द्वीपकल्पात (प्रश्न ११) ज्या किनाऱ्यावर हाउस उतरले, तेथे ऑस्ट्रेलियन सैन्याबरोबर हिंदुस्थानी पहाडी तोफखान्याच्या दोन बॅटऱ्या आणि पाणी-दारूगोळा वाहणारे खेचरांचे काफिलेही होते.

९. दोन युद्धांच्या मधल्या काळात त्यांनी काय केले?

ते ऑरेंजला परतले आणि वैद्यकी करू लागले. ३१ जानेवारी १९०५ रोजी बॅथर्स्ट येथे एव्हलिन पिल्चर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ते दोनदा ऑरेंजचे नगराध्यक्षही झाले.

१०. १९१४ मध्ये ते प्रथम न्यू गिनीला गेले, असे वाचले. तेथे डॉक्टरांची काय गरज होती?

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटनने ऑस्ट्रेलियाला प्रशांत महासागरातील जर्मन वसाहतींची बिनतारी केंद्रे ताब्यात घेण्यास सांगितले. घाईने उभारलेले एक दल १९ ऑगस्ट रोजी ‘बेरिमा’ जहाजातून सिडनीहून निघाले आणि हाउस त्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी होते. उष्ण प्रदेशातील मोहिमेत गोळ्यांपेक्षा तापाने जास्त माणसे जातात, हे बोअर युद्धाने शिकवलेच होते. त्या युद्धात ब्रिटिश बाजूच्या सुमारे २२,००० मृतांपैकी सुमारे दोन-तृतीयांश रोगाने, विशेषतः विषमज्वराने, गेले होते. म्हणून हाउस यांनी पहिला भर रोग होऊ नये यावर दिला.

११ सप्टेंबर रोजी जर्मन न्यू गिनीतील बिटापाका येथील बिनतारी केंद्राकडे जाताना झालेल्या झटापटीत कॅप्टन ब्रायन पॉकली हे तरुण डॉक्टर मारले गेले. आपल्या बाहीवरील रेड क्रॉसची पट्टी त्यांनी एका जखमीला मागे नेणाऱ्या सैनिकाला दिली होती. पहिल्या महायुद्धात मरण पावलेले ते पहिले ऑस्ट्रेलियन डॉक्टर. हाउस यांच्याबद्दल लिहिताना पॉकलींचे नाव गाळले जाते, म्हणून ते येथे मुद्दाम घेतले आहे.

११. गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर जखमींचे इतके हाल का झाले? त्यात हाउस यांची भूमिका काय होती?

२५ एप्रिल १९१५ रोजी हाउस पहिल्या ऑस्ट्रेलियन डिव्हिजनचे वैद्यकीय प्रमुख म्हणून अँझॅक कोव्ह या अरुंद किनाऱ्यावर उतरले (अँझॅक म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे संयुक्त सैन्य). त्या दिवशी जे झाले त्याची कारणे किनाऱ्यावर नव्हती. ती कित्येक आठवडे आधी, नियोजनाच्या टेबलावर तयार झाली होती.

सेनापती सर इयन हॅमिल्टन यांच्या युद्धनियोजकांनी उतरण्याचा बेत आखला, तेव्हा प्रशासकीय अधिकारी आणि मोहिमेचे वैद्यकीय संचालक अलेक्झांड्रियात मागे ठेवलेले होते. किती जखमी होतील, त्यांना कोणती बोट घेईल, ती भरली तर पुढची कोणती, याचा प्राथमिक अंदाज वैद्यकीय माणसाला न विचारताच झाला. वैद्यकीय संचालक पोहोचले तेव्हा हाती थोडे दिवस होते. शिवाय प्रत्यक्ष उतरण्याच्या वेळी ते सेनापतींच्या मुख्यालयापासून वेगळ्या जहाजावर होते आणि त्यांना इतर जहाजांशी नीट संपर्क साधता येत नव्हता. दोन मुख्य किनाऱ्यांसाठी रुग्णनौका होत्या दोनच. अँझॅकसाठी ‘गॅस्कन’ आणि दक्षिण टोकाला हेलेससाठी ‘सिसिलिया’.

यशाचा अंदाज असा होता की सैन्य पहिल्याच दिवशी आत खोलवर जाईल, मग किनाऱ्यावर तंबू-रुग्णालये उभी राहतील आणि तेथे जखमींना ठेवता येईल. सैन्य आत गेलेच नाही. पहिल्या दिवशी सुमारे २,००० माणसे मृत वा जखमी झाली आणि जखमी त्याच चिंचोळ्या वाळूवर साचत गेले. वरून तोफगोळे पडत होते, आणि त्याच वाळूवर दारूगोळा, खेचरे व नव्याने उतरणारे सैनिक यांचीही गर्दी होती. ‘गॅस्कन’ लवकरच भरली. मग जखमींच्या होड्या, सैन्य आणि घोडे घेऊन आलेल्या सामान्य जहाजांकडे वळल्या. त्या जहाजांवर डॉक्टर मूठभर होते, पट्ट्या अपुऱ्या होत्या आणि घोड्यांचे तबेले पुरते धुतलेलेही नव्हते. एका जहाजाने नाकारले की होडी दुसऱ्याकडे जाई आणि तेथून तिसऱ्याकडे. अशा जहाजांतून माणसे अलेक्झांड्रियाला पोहोचायला दिवस लागत आणि तोवर पहिली पट्टी तशीच राहून जखमा चिघळत.

हाउस यांनी किनाऱ्यावरचे काम स्वतःच्या हाती घेतले. जखमी कुणाच्या आदेशाची वाट पाहत पडून राहू नयेत म्हणून मिळेल त्या होडीत त्यांना बसवून ते रवाना करत होते. या घाईमुळे हलके जखमी आणि गंभीर जखमी एकाच बोटीत गेले, अशी टीका नंतर झाली. ती खरीही आहे. पण तोफांच्या माऱ्याखालच्या वाळूवर माणसे वर्गवारीसाठी थांबवून ठेवणे हा दुसरा पर्याय होता, आणि तो अधिक वाईट होता असे आम्हाला वाटते. जी वर्गवारी व्हायला हवी होती ती जहाजांच्या पातळीवर, आधीच ठरवून व्हायला हवी होती.

उन्हाळ्यात शत्रू बदलला. न पुरलेली प्रेते, उघडे शौचखड्डे, माश्यांचे थवे, डबाबंद मांसाचा तोच आहार आणि मोजून मिळणारे पाणी यांतून आमांश व आतड्याचे ताप पसरले आणि जखमींपेक्षा आजारी जास्त होऊ लागले. ऑगस्टच्या मोठ्या हल्ल्यात उतरलेले अनेक सैनिक आधीच पोटाने खंगलेले होते. सप्टेंबरमध्ये हाउस अँझॅक कोअरच्या वैद्यकीय सेवेचे प्रमुख झाले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये संपूर्ण ऑस्ट्रेलियन सैन्याचे वैद्यकीय संचालक.

१२. चौकशी आयोगापुढे त्यांनी खरोखर ब्रिटिश अधिकाऱ्यांवर ‘गुन्हेगारी स्वरूपाच्या हलगर्जीपणाचा’ ठपका ठेवला होता का?

होय. गॅलिपोलीच्या अपयशाची चौकशी करणाऱ्या डार्डनेल्स आयोगापुढे १९१७ मध्ये साक्ष देताना त्यांनी सांगितले की जखमींसाठी केलेली तयारी इतकी अपुरी होती की ती गुन्हेगारी हलगर्जीपणातच मोडते. एवढ्यावर ते थांबले नाहीत. युद्ध संपल्यावर आपल्या सरकारला आपण असा सल्ला देऊ, की आपल्या आजारी आणि जखमी माणसांच्या उपचाराची व्यवस्था पुन्हा कधीही साम्राज्याच्या अधिकाऱ्यांवर सोपवू नये, असेही त्यांनी आयोगाला सांगितले.

ही साक्ष देताना हाउस निवृत्त नव्हते. ते गणवेशात होते, सर्जन-जनरल होते आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत त्यांना ‘सर’ ही पदवी मिळालेली होती. ज्या व्यवस्थेने सन्मान दिला तिच्यासमोर बसून त्यांनी हे सांगितले. त्यांची राजनिष्ठा संशयातीत होती आणि ते स्वतः इंग्लंडचे सुपुत्र होते, म्हणूनच त्यांचे शब्द सहज बाजूला सारता आले नाहीत. फ्रेडेफोर्टचे शौर्य काही मिनिटांचे होते. हे वाक्य उच्चारण्यामागे दोन वर्षे पाहिलेले मृत्यू होते आणि आम्ही या साक्षीला त्या पदकाच्या बरोबरीने मोजतो.

१३. १९१६ नंतर ते लंडनमध्ये होते. कार्यालयात बसून त्यांनी काय साधले?

सैन्य फ्रान्सला गेल्यावर त्यांनी लंडनमध्ये मुख्यालय केले आणि ऑस्ट्रेलियन सैन्याचे सेनापती जनरल बर्डवूड यांना ते थेट जबाबदार राहिले. फ्रान्समधील मोठी रुग्णालये आणि रुग्णगाड्या ब्रिटिशांच्या ताब्यात होत्या, त्यामुळे सगळे स्वतंत्र करणे शक्य नव्हते. पण ऑस्ट्रेलियन डॉक्टरांच्या नेमणुका, हेअरफिल्ड, साउथॉल आणि डार्टफर्ड येथील ऑस्ट्रेलियन रुग्णालये आणि कोणता सैनिक परत आघाडीवर जाईल व कोणता मायदेशी, हा निर्णय त्यांनी ऑस्ट्रेलियन हातांत ठेवला. गॅलिपोलीचा धडा (प्रश्न ११) त्यांनी असा व्यवस्थेत उतरवला.

त्यांचा दुसरा आग्रह शारीरिक पात्रतेचा होता. भरतीचा आकडा वाढवण्यासाठी ऑस्ट्रेलियातील तपासणी सैल होत गेली तेव्हा वय लपवलेले, हर्निया वा हृदयविकार असलेले लोक अर्धी पृथ्वी ओलांडून इंग्लंडला येत आणि तेथे अपात्र ठरत. हाउस त्यांना परत पाठवत आणि मेलबर्नला कडक पत्रे लिहीत. हे निष्ठुर वाटते, आणि परत पाठवलेल्या माणसाला ते तसेच वाटले असणार. तरीही ज्याचे शरीर खंदकात टिकणार नाही त्याला खंदकात पाठवणे हीच अधिक मोठी क्रूरता होती, या त्यांच्या भूमिकेशी आम्ही पूर्ण सहमत आहोत.

१४. डॉक्टर असून राजकारणात का गेले?

१९२० मध्ये ते ऑरेंजला परतले. १९२१ मध्ये सैन्याच्या वैद्यकीय सेवांचे महासंचालक झाले आणि १९२२ मध्ये राजीनामा देऊन नॅशनलिस्ट पक्षातर्फे कॅलेर मतदारसंघातून निवडून गेले. ऑरेंज त्याच मतदारसंघात येते. संघराज्याच्या संसदेत बसलेले ते व्हिक्टोरिया क्रॉसचे पहिले मानकरी. १९२३ मध्ये राष्ट्रसंघाच्या सभेत ते ऑस्ट्रेलियाचे प्रतिनिधी होते. त्या काळी डॉक्टर राजकारणात असणे नवलाचे नव्हते. पंतप्रधान स्टॅनली ब्रूस यांचे सरकारातील भागीदार अर्ल पेज हेही शल्यविशारदच होते आणि युद्धात लष्करी डॉक्टर म्हणून जाऊन आले होते. सैन्यात असताना हाउस यांना जे निर्णय वरून यायचे, ते आता स्वतः घेण्याच्या जागी ते आले.

१५. आरोग्यमंत्री म्हणून त्यांनी केलेले ठोस काम कोणते?

जानेवारी १९२५ मध्ये संरक्षण आणि आरोग्य ही दोन खाती त्यांच्याकडे आली. माजी सैनिकांच्या पुनर्वसनाचे कामही त्यांच्याकडेच होते. १९२६ मध्ये लंडनच्या साम्राज्य परिषदेला गेले असता ते आजारी पडले आणि एप्रिल १९२७ मध्ये त्यांना खाती सोडावी लागली. फेब्रुवारी १९२८ मध्ये ते आरोग्यखात्यावर परतले आणि ऑक्टोबर १९२९ पर्यंत तेथे राहिले.

राज्यघटनेने संघराज्याला आरोग्याच्या बाबतीत जवळजवळ फक्त विलगीकरणाचा अधिकार दिला होता आणि बाकीचे सर्व राज्यांकडे होते. १९१८-१९ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत राज्यांनी आपापल्या सीमा बंद केल्या तेव्हा या रचनेचे दोष उघड झाले होते. हाउस यांच्या काळात राज्यांचे आणि संघराज्याचे आरोग्याधिकारी एकत्र बसतील अशी फेडरल हेल्थ कौन्सिल उभी राहिली, आणि १९३० च्या दशकातील राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषद हे तिचेच पुढचे रूप. दुसरे काम कर्करोगाचे. त्यांच्या आग्रहामुळे सरकारने सुमारे १,००,००० पौंडांचे रेडियम विकत घेतले आणि ते देशभरातील रुग्णालयांना उपचारासाठी पुरवले. एका सरकारने एकाच वेळी केलेली ही फार मोठी खरेदी होती.

१६. बंडाबर्गमध्ये लस टोचल्याने मुले दगावली, तेव्हा आरोग्यमंत्री हाउस होते का?

नाही, पण अंतर थोड्या आठवड्यांचेच आहे. जानेवारी १९२८ मध्ये क्वीन्सलंडमधील बंडाबर्ग येथे घटसर्पाची लस दिलेल्या २१ मुलांपैकी १२ मुले मरण पावली. लसीच्या बाटलीत जंतुनाशक घातलेले नव्हते आणि तीत स्टॅफिलोकॉकस जंतू वाढले होते. त्या वेळी खाते दुसऱ्या मंत्र्याकडे होते. हाउस फेब्रुवारीत आले आणि चौकशी आयोगाचा अहवाल त्यांच्या कारकिर्दीत सादर झाला.

१७. त्यांच्या कारकिर्दीवर डाग म्हणावा असे काही आहे का?

आहे, आणि त्यांच्या बहुतेक चरित्रलेखांत ते गाळलेले दिसते. फेब्रुवारी ते नोव्हेंबर १९२८ या काळात त्यांच्याकडे गृह व प्रदेश हे खातेही होते आणि नॉर्दर्न टेरिटरीचा कारभार या खात्याखाली येत असे. त्याच वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये कॉनिस्टन परिसरात पोलीस कॉन्स्टेबल जॉर्ज मरे याच्या नेतृत्वाखालील टोळीने आदिवासींची हत्या केली. अधिकृत आकडा ३१ आहे आणि आदिवासी समाजाच्या स्मृतीनुसार तो याहून बराच मोठा आहे. चौकशी मंडळाने जानेवारी १९२९ मध्ये गोळीबार समर्थनीय ठरवला. तोवर खाते दुसऱ्या मंत्र्याकडे गेले होते. हाउस यांनी आदेश दिला नव्हता. पण जो माणूस गॅलिपोलीच्या जखमींसाठी ‘जबाबदार कोण’ असे विचारत राहिला, त्याच्याच खात्याच्या भूमीवर तोच प्रश्न मारल्या गेलेल्यांच्या बाजूने विचारला गेला नाही. आम्हाला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे आणि म्हणूनच हे येथे लिहिणे आवश्यक वाटते.

१८. त्यांचा शेवट कसा झाला?

ऑक्टोबर १९२९ च्या निवडणुकीत ब्रूस सरकार कामगार-लवादाच्या प्रश्नावर कोसळले. खुद्द पंतप्रधान स्वतःच्या मतदारसंघात हरले आणि हाउस यांनीही कॅलेरची जागा मजूर पक्षाकडे गमावली. पुढल्या वर्षी उपचारासाठी ते इंग्लंडला गेले आणि १९ सप्टेंबर १९३० रोजी कर्करोगाने तेथेच त्यांचे निधन झाले. ज्या रोगासाठी त्यांनी रेडियम आणवले (प्रश्न १५), त्यानेच त्यांना नेले. लंडनमधील केन्सल ग्रीन दफनभूमीत त्यांचे दफन झाले.

१९. ‘सर हाउस’ नावाचे आणखी एक शल्यविशारद आणि ‘हाउस’ नावाचे आणखी एक खासदार सापडतात. ते हेच का?

नाहीत. सर हेन्री ग्रीनवे हाउस हे लंडनमधील ज्येष्ठ शल्यविशारद होते आणि १९०१ ते १९०३ या काळात इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे अध्यक्ष होते. १९०१ च्या आसपासच्या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत नुसते ‘हाउस’ आले असेल तर बहुधा ते हेन्री असतात. दुसरे जॉन हाउस, हे नेव्हिल यांचे पुत्र. १९४६ ते १९६० पर्यंत वडिलांच्याच कॅलेर मतदारसंघाचे त्यांनी संसदेत प्रतिनिधित्व केले. त्यामुळे १९३० नंतरच्या संसदीय नोंदीत कॅलेरचे ‘हाउस’ दिसले तर ते जॉन समजावेत. नेव्हिल यांचा व्हिक्टोरिया क्रॉस कॅनबेरातील ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमध्ये आहे.